आयोवा नदी, कोरलव्हिलचे धरण आणि अडीच इंचांचा हिशेब

जून २००८ च्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतील आयोवा राज्यात कोरलव्हिल धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले. हे धरण १९५८ मध्ये पूर्ण झाले होते आणि पन्नास वर्षांत असे घडण्याची ती केवळ दुसरी वेळ होती. १५ जूनला धरणाच्या खाली, अगदी जवळ वसलेल्या आयोवा सिटी शहरात नदीची पातळी ३१.५३ फुटांवर पोहोचली. विसर्ग सुमारे ४१,००० क्युसेक होता. आयोवा विद्यापीठ नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे आणि त्याच्या सुमारे वीस इमारतींत पाणी शिरले. त्यानंतर शहरात जो प्रश्न विचारला गेला, तो महाराष्ट्रातील वाचकांना ओळखीचा वाटेल, कारण २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरातही तोच विचारला गेला होता: धरण पूर रोखण्यासाठीच होते, तर दरवाजे आधीच का उघडले नाहीत?

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावणारे नाही. त्यासाठी नदीचा प्रवाह कसा मोजतात, पूरनियंत्रणाच्या धरणात नेमके काय साठवतात आणि त्या साठ्याला मर्यादा कोठे येते, हे क्रमाने पाहावे लागते. माझ्या मते या सगळ्याचा गाभा एका साध्या हिशेबात आहे आणि तो हिशेब कोणालाही कागदावर करता येईल.

आधी नदी पाहू. आयोवा नदी राज्याच्या उत्तर-मध्य भागात उगम पावते, सुमारे ५२० किलोमीटर आग्नेयेकडे वाहते आणि मिसिसिपीला मिळते. वाटेत खालच्या टप्प्यात सीडर ही मोठी नदी तिला येऊन मिळते. उगमाकडचा प्रदेश हिमनद्यांनी सपाट केलेला आहे. तेथे पूर्वी गवताळ माळ आणि जागोजागी उथळ डबकी व पाणथळी होत्या. पावसाचे पाणी त्यांत आठवडेच्या आठवडे साचून राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली साधारण मीटरभर खोलीवर मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरल्या, पुढे त्यांची जागा प्लास्टिकच्या सच्छिद्र नळ्यांनी घेतली आणि जमिनीतले जादा पाणी ओढ्यांत सोडण्याची व्यवस्था झाली. त्यामुळेच आज तेथे क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन दिसतो. या नळ्यांमुळे पूर वाढतात, असे सरसकट म्हटले जाते, पण गोष्ट तेवढी सरळ नाही. नळ्यांनी मातीतले पाणी आधीच काढून घेतलेले असले, तर मध्यम पावसात माती अधिक पाणी शोषते आणि ओढ्याच्या पुराचा माथा थोडा खालीही राहू शकतो. मात्र नळ्यांसाठी जी पाणथळ जागा बुजवली, तिची साठवण कायमची गेली. आणि माती पूर्ण भिजल्यावर येणाऱ्या फार मोठ्या पावसात नळ्या असल्या काय आणि नसल्या काय, फरक थोडाच पडतो.

आता मोजमापाकडे येऊ. बातम्यांत पाण्याची पातळी फुटांत आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात आणि पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. पातळी म्हणजे ठरावीक शून्यबिंदूपासून पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. तो शून्यबिंदू नदीच्या तळाशीच असतो असे नाही, त्यामुळे ३१.५३ फूट म्हणजे नदी तेवढी खोल होती असा अर्थ होत नाही. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एखाद्या ठिकाणावरून जाणारे घनफुटांतील पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. पातळी सतत मोजणे सोपे असते, विसर्ग सतत मोजणे अवघड असते. म्हणून अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे कर्मचारी वर्षातून अनेकदा पुलावरून किंवा होडीतून नदीचा आडवा छेद मोजतात, त्या छेदाच्या प्रत्येक भागातील खोली व वेग पाहतात, त्यावरून विसर्ग काढतात आणि तो त्या वेळच्या पातळीशी जोडून ठेवतात. अशा अनेक जोड्यांतून एक आलेख तयार होतो. मग यंत्राने दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदवली की आलेखावरून विसर्ग कळतो.

या आलेखाचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. नदी पात्रात असताना पातळी एक फुटाने वाढली तर विसर्ग थोडा वाढतो. नदी काठ ओलांडून पसरली की तोच एक फूट कितीतरी जास्त पाणी वाहून नेतो. शिवाय प्रत्येक मोठा पूर तळ खरवडतो किंवा गाळ टाकतो आणि जुना आलेख चुकू लागतो. म्हणून ऐन पुरात, जेव्हा बाकी सगळे नदीपासून दूर जात असतात, तेव्हा मोजणी करणाऱ्या पथकांना पुलावर उभे राहावे लागते. पुराच्या अंदाजाची सगळी इमारत या कामावर उभी असते आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

आयोवा सिटी येथे १९०३ पासूनच्या नोंदी आहेत. आजचा प्रवाह ‘नेहमीचा’ आहे का, हे ठरवण्यासाठी त्याच तारखेच्या आजवरच्या सगळ्या वर्षांतील नोंदी चढत्या क्रमाने लावतात. आजचा आकडा मधल्या निम्म्या नोंदींत बसला तर तो सामान्य मानतात, त्याखाली गेला तर कमी आणि वर गेला तर जास्त. यामुळे जो विसर्ग एप्रिलमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही, तोच ऑक्टोबरमध्ये असाधारण ठरू शकतो. पण येथे एक मेख आहे. आयोवा सिटी धरणाच्या खाली असल्याने तेथील प्रवाह निव्वळ आभाळाची करणी नसतो, त्यात माणसाने घेतलेला निर्णय मिसळलेला असतो. पावसाला नदीने दिलेला खरा प्रतिसाद पाहायचा असेल, तर धरणाच्या वर असलेल्या मरेंगो गावाजवळच्या केंद्राच्या नोंदी पाहाव्या लागतात.

धरण अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या ताब्यात आहे. मातीचा भराव, खालून पाणी सोडण्यासाठी दरवाजे असलेला बोगदा आणि समुद्रसपाटीपासून ७१२ फूट उंचीवर एक उघडा सांडवा, अशी त्याची रचना आहे. सांडव्याला दरवाजे नाहीत. पाणी ७१२ फुटांवर गेले की ते आपोआप ओसंडते आणि किती ओसंडावे हे कोणाच्या हातात राहत नाही. गेली अनेक दशके चालत आलेल्या नियमांप्रमाणे उन्हाळ्यात जलाशय ६८३ फुटांवर ठेवतात, हिवाळ्याच्या शेवटी बर्फ वितळण्याआधी तो आणखी चार फूट खाली आणतात आणि शरद ऋतूत स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी थोडा वर नेतात. महाराष्ट्रातील बहुतेक धरणांचे यश ती किती भरली यावर मोजले जाते. कोरलव्हिलचे यश ते किती रिकामे आहे यावर मोजावे लागते. ६८३ ते ७१२ फुटांमधली मोकळी जागा, हेच त्याचे खरे भांडवल आहे. ही जागा साधारण साडेसतरा टीएमसी, म्हणजे साडेसतरा अब्ज घनफूट भरते.

आकडा मोठा वाटतो. पण या धरणात ज्या प्रदेशाचे पाणी येते, ते पाणलोट क्षेत्र सुमारे ८,००० चौरस किलोमीटरचे आहे. त्या सगळ्या प्रदेशावरून केवळ एक इंच पाणी वाहून नदीत आले, तर ते सव्वासात टीएमसीच्या आसपास होते. म्हणजे धरणाची सगळी मोकळी जागा जवळपास अडीच इंच पाण्यातच संपते. हे अडीच इंच पावसाचे नव्हेत, वाहून आलेल्या पाण्याचे आहेत. कोरड्या मातीवर चार इंच पाऊस पडला तर त्यातला बराचसा जिरेल आणि धरणाला फारसे काम पडणार नाही. बर्फ नुकतेच वितळले असेल, आठवड्यामागून आठवडे पाऊस झाला असेल आणि मातीत एक थेंबही मुरत नसेल, तर त्याच पावसाचा मोठा हिस्सा तसाच्या तसा खाली येतो.

हाच हिशेब दिवसांत मांडून पाहू. सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह पूर्ण एक दिवस चालला की एक टीएमसी पाणी होते. समजा धरणात येवा २०,००० क्युसेक आहे आणि खाली १०,००० सोडले जात आहेत. उरलेले १०,००० साठत राहिले तर मोकळी जागा भरायला जवळपास तीन आठवडे लागतील. एवढ्या अवधीत बहुतेक पूर ओसरतात, शहराला कळतही नाही की वर काय घडून गेले, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत या धरणाने असे कितीतरी पूर गिळले आहेत. आता येवा ४०,००० आहे असे समजा. सोडायचे तेवढेच, म्हणजे १०,०००. आता सात दिवसांच्या आत जागा संपते. येवा दुप्पट झाला, पण हाती असलेला वेळ निम्मा न होता एकतृतीयांशावर आला. लहान व मध्यम पुरात धरण अतिशय समर्थ असते आणि फार मोठ्या पुरात ते अचानक दुबळे ठरते, याचे कारण हेच आहे.

मग आधीच जास्त पाणी का सोडू नये? जुन्या नियमांत पिकांच्या हंगामात विसर्गाची मर्यादा ६,००० क्युसेक होती आणि एरवी ती १०,००० होती. ही मर्यादा कोणाच्या लहरीने ठरलेली नव्हती. धरणाच्या खाली नदीकाठची सखल शेते आहेत. त्याहून जास्त पाणी सोडले की ती बुडू लागतात. शिवाय आयोवा नदीत पुढे सीडरचे पाणी येते आणि शेवटी मिसिसिपीचा फुगवटा असतो, म्हणून लोन ट्री व वॅपेलो येथील आणि मिसिसिपीवरील बर्लिंग्टनच्या पातळ्याही पाहाव्या लागतात. तिथे आधीच पूर असेल, तर वरून आणखी पाणी सोडणे म्हणजे एकाचे घर वाचवण्यासाठी दुसऱ्याचे बुडवणे होते.

तरीही धोका पत्करून, पावसाच्या अंदाजावर भरवसा ठेवून, हंगामात ६,००० ऐवजी १०,००० क्युसेक आठवडाभर सोडले असे धरून चालू. आठवडा एवढ्यासाठी की त्यापलीकडे नेमका किती पाऊस कोठे पडेल हे विश्वासाने सांगता येत नाही. वाढीव ४,००० क्युसेकने सात दिवसांत सुमारे २.४ टीएमसी जागा मोकळी होते. पाणलोटाच्या मापाने हे एक तृतीयांश इंच झाले, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात खालच्या शेतांचे नुकसान मात्र नक्की झालेले असते, आणि अंदाज चुकला तर ते विनाकारण झालेले असते. महिनाभर आधीपासून असे केले तर आकडा मोठा होतो हे खरे आहे, आणि म्हणूनच नियम बदलावेत अशी मागणी शहरातून होत राहिली. पुढे अभियंता दलाने नियमांचा फेरविचार हाती घेतला, तो आवश्यकच होता. मला मात्र असे वाटते की दरवाजे कधी उघडले यावरच सगळा राग काढल्याने मूळ मर्यादा नजरेआड होते. मोकळी जागाच अडीच इंचांची असेल, तर ती कितीही कुशलतेने वापरली तरी चार इंच पाण्याला पुरणार नाही.

१९९३ आणि २००८ या दोन पुरांनी ही मर्यादा दोन वेगळ्या प्रकारे दाखवली. १९९३ मध्ये वसंतापासून पाऊस थांबलाच नाही. धरण भरले, थोडे उतरले, पुन्हा भरले आणि ५ जुलैला सांडव्यावरून पाणी सुरू झाले ते २८ दिवस वाहत राहिले. त्या वर्षी आयोवा सिटीतील पातळी २८.५२ फूट आणि सर्वोच्च विसर्ग सुमारे २८,००० क्युसेक होता. तो पूर दीर्घ होता. २००८ चा पूर तुलनेने थोड्या दिवसांचा पण उंच होता. बर्फाचा हिवाळा आणि ओला वसंत होऊन गेल्यावर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत जोरदार पाऊस झाला. जलाशय ७१७ फुटांपर्यंत चढला, म्हणजे सांडव्याच्या माथ्यावर तब्बल पाच फूट पाणी होते. त्या अवस्थेतही विस्तीर्ण जलाशयामुळे पुराचा माथा काही प्रमाणात खाली आलाच. धरण नसते तर शहरातले पाणी आणखी उंच गेले असते. ही गोष्ट बुडालेल्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसाला सांगणे कठीण आहे, पण ती खरी आहे.

त्याच दिवसांत सीडर नदीने सीडर रॅपिड्स शहरात काय केले ते पाहिले की फरक उमगतो. त्या शहराच्या वर असे मोठे पूरनियंत्रण धरण नाही. तेथे पूर्वीची सर्वोच्च नोंद २० फुटांची होती. १३ जून २००८ ला नदी ३१.१२ फुटांवर गेली आणि शहराचा सुमारे दहा चौरस मैल भाग पाण्याखाली गेला.

पूरनियंत्रणाचा वेगळा विचार अमेरिकेच्या याच मध्य-पश्चिम भागात, ओहायो राज्यात, फार पूर्वी झाला होता. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदीच्या पुरात डेटन शहर व परिसरात ३६० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या योजनेनुसार पाच धरणे बांधण्यात आली आणि ती १९२२ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्यामागे जलाशय नाही. भरावातून ठरावीक आकाराचे मोकळे मार्ग ठेवलेले आहेत. रोजची नदी त्यांतून विनाअडथळा जाते आणि पूर आला की मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले मागच्या शेतांवर पसरून थांबते. दरवाजेच नसल्यामुळे ते कधी उघडायचे हा वादही नाही. १९१३ मध्ये वाहून गेलेल्या पाण्यापेक्षा ४० टक्के अधिक पाणी धरून या धरणांची आखणी केली होती. येथे मोकळी जागा सदैव मोकळीच राहते, कारण तिच्यावर नौकाविहार, मासेमारी किंवा पक्षी यांपैकी कोणाचाही हक्क नाही. मॉर्गन यांचे नाव भारताच्या इतिहासातही एका वेगळ्याच कारणाने आले आहे: १९४८-४९ च्या राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते.

कोरलव्हिलच्या बाबतीत मोकळ्या जागेला आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे गाळ. आयोवाची काळी, सुपीक माती शेतांतून निसटून नदीतून येते आणि जलाशयात बसते. नेहमीच्या साठ्याचा मोठा भाग असा भरून गेला आहे.

धरणाने निर्माण केलेला सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा नसून वस्तीचा आहे. आयोवा सिटीत नदीच्या वळणावर पार्कव्ह्यू टेरेस नावाची वस्ती उभी राहिली. त्या जागेला लोक मॉस्किटो फ्लॅट्स म्हणत, म्हणजे डासांचे सपाट रान. नावातच जमिनीचा स्वभाव सांगितलेला होता. पण वर धरण झाले होते, नदी शहाण्यासारखी वागू लागली होती आणि काठावर घर असावे असे कोणाला वाटत नाही? १९९३ मध्ये तेथे पाणी शिरले, २००८ मध्ये पुन्हा शिरले. मध्यम पूर धरणाने गिळल्यामुळे माणसांना मधल्या इशाऱ्यांची सवयच राहत नाही. जे येते ते एकदम मोठे येते.

येथे ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दाने आणखी घोटाळा केला आहे. महाराष्ट्रात लाल पूररेषा याच पुरावरून आखतात. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असा नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. तीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन त्या रेषेवर घर बांधले, तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता २६ टक्के येते, म्हणजे चारात एकाहून थोडी अधिक. शिवाय ती रेषा जुन्या नोंदींवरून काढलेली असते. दोन मोठे पूर त्या नोंदींत भरले की रेषाच सरकते.

२००८ नंतर बरेच काही बदलले. पार्कव्ह्यू टेरेसमधील अनेक घरे सरकारी पैशाने विकत घेऊन पाडण्यात आली आणि ती जागा हिरवळ म्हणून मोकळी ठेवली गेली. विद्यापीठाचे हँचर सभागृह पाडून नवे अधिक उंच जागी बांधले आणि ते २०१६ मध्ये उघडले. २००९ मध्ये विद्यापीठात आयोवा पूर केंद्र स्थापन झाले. त्याने राज्यातील पुलांना खालून संवेदक बसवले, जे ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात, आणि ती माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. धरणाच्या खाली नदीला मिळणाऱ्या क्लिअर क्रीकच्या पाणलोटात शेतांच्या कडेने छोटी तळी व पाणथळी करण्यात आली. त्या ओढ्याचे पाणी धरण अडवू शकत नाही, म्हणून तिथे हे काम विशेष मोलाचे आहे. एकेक तळे नगण्य असते, पण त्यातली साठवण ही एके काळी बुजवलेल्या डबक्यांचीच परतफेड आहे.

धरणाजवळ १९९३ च्या पाण्याने आपली खूण ठेवली आहे. सांडव्याखाली एक छावणीस्थळ होते. अठ्ठावीस दिवसांच्या प्रवाहाने तेथील माती कित्येक फूट खोल खरवडून नेली आणि खाली सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला. दगडात प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचे जीवाश्म स्पष्ट दिसतात. २००८ च्या पाण्याने तो आणखी धुऊन काढला. आज लोक मुलांना घेऊन तेथे जातात आणि वाकून जीवाश्म पाहतात. त्यांच्या पाठीशी, थोड्याच अंतरावर, दरवाजे नसलेला तो ७१२ फुटांचा सांडवा आहे.